मागचं दार

गेल्या महिन्यात नवा फोन घेतला. दुकानातल्या पोरानं जुन्यातलं सगळं नव्यात ओतून दिलं आणि घरी येऊन मी नको ते नंबर उडवत बसलो. दोन मेसवाले, एक टँकरवाला, पुण्यातला एक खोलीमालक ज्याच्याकडून डिपॉझिट अजून यायचंय. उडवत उडवत म अक्षरापर्यंत आलो. 'मागचं दार', 'मामा', 'मामा जिओ'. पहिल्या नावावर अंगठा थांबला. शेजारी बायको शेंगा निवडत होती. "हे कोण?" तिनं विचारलं. "एक बाई," मी म्हणालो, आणि ते ऐकायला जितकं वाईट वाटायचं तितकं वाटलं. मग तिला सगळं सांगायला बसलो, तर सुरुवात कुठून करावी तेच कळेना. त्या बाईचं नाव मला माहीत नाही आणि ते दार मी कधी पाहिलेलं नाही.

२०२१ ची गोष्ट. लोकसेवा आयोगाची संयुक्त पूर्वपरीक्षा ढकलत ढकलत एकदाची ४ सप्टेंबरला झाली. टाळेबंदीत पुण्याची खोली सोडून मी गावी, जिंतूर तालुक्यात, येऊन पडलो होतो. घरातले माझ्याकडं बघायचे ते अंगणात नुसत्या उभ्या असलेल्या मोटरसायकलकडं बघावं तसं. त्या नजरेतून मामांनी सोडवलं. मामांकडं जुना ट्रॅक्टर आणि कर्ज काढून घेतलेला नवा हडंबा, म्हणजे मळणीयंत्र. आमच्या भागात आता दर तिसऱ्या घरापुढं हडंबा उभा दिसतो, म्हणून मामा हंगामाला पार वाशी तालुक्यात जायचे, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात. तिथं त्यांच्या मेहुण्यानं शे-दीडशे एकर आधीच बोलून ठेवलेलं असायचं. "वही लिहायला एक शिकलेला माणूस लागतोच," मामा म्हणाले. शिकलेल्या माणसाला वही लिहायला दिवसातून दहा मिनिटं लागतात आणि बाकीचा दिवस हडंब्याच्या तोंडात सोयाबीन लोटायला असतो, हे त्यांनी तिथं गेल्यावर सांगितलं.

गेलो आणि पाऊस लागला. सप्टेंबरच्या शेवटी वादळाचं उरलंसुरलं मराठवाड्यावर येऊन कोसळलं, मांजरा धरणाचे दरवाजे उघडले आणि नदीकाठची रानं दिसेनाशी झाली. बारा दिवस आम्ही मेहुण्याच्या गोठ्यात बसून पत्र्यावरचा आवाज ऐकला. उघडीप पडल्यावर जे काढलं ते सोयाबीन म्हणायचं म्हणून सोयाबीन. शेंगेतच कोंब फुटलेले. ढिगात हात घातला की आतून ऊन ऊन वाफ यायची, आंबलेल्या पिठासारखी. ओला पाला ड्रममध्ये गुंडाळायचा, पट्टा करकरायचा, मामा आतडं पिळवटल्यासारखं ओरडायचे, "बंद कर, बंद कर!" मग हात घालून ते लोळ ओढून काढायचे. कोरडं असतं तर नुसती खाज सुटते. त्या वर्षी खाजेसोबत काळी बुरशीची धूळ होती. रात्री नाक शिंकरलं तर दस्तीवर शाई सांडल्यासारखं दिसायचं. अंगावर लाल चट्टे उठले, काखेत गळू झालं, आणि तरी सांगतो, भूक अशी लागायची की तशी पुण्याच्या तीन वर्षांत एकदाही लागली नव्हती.

मळणीचा दर पोत्यामागं २०० रुपये ठरलेला. पोत्यावर दर म्हणजे शेतकऱ्याचं बुडालं की आमचंही बुडालं. एकरी दहा पोती देणारं रान तीन-चारवर आलं आणि त्या तीन-चारला डिझेल मात्र दहाचं लागलं. वर बाजार. ऑगस्टात क्विंटलला दहा हजारांच्या वर बोललं जाणारं सोयाबीन दसऱ्याला पाच हजारांच्या आसपास आलं. हमीभाव त्या वर्षी ३,९५० होता, त्यामुळं कागदावर सगळे फायद्यात. डागी मालाला व्यापारी काय देत होते ते विचारू नका. पैसे मागितले की माणसं मान खाली घालून म्हणायची, "दिवाळीला बघू." माझ्या वहीत 'दिवाळीला' हा शब्द इतक्यांदा आला की शेवटी शेवटी मी नुसतं 'दि' लिहायला लागलो.

एक मात्र होतं. पहिलं पोतं भरलं की मी वहीत १ लिहायचो आणि मामा म्हणायचे, "एक म्हणू नको. लाभ म्हण." आजोबाही तसंच म्हणायचे. मी चार-पाच वर्षांचा असताना आमच्याकडं ज्वारीचं खळं शेवटचं झालं, त्याचे तुकडे आठवतात. शेणानं सारवलेली गोल जमीन, मधोमध तिवड्याचा खांब, मुसकी बांधलेले बैल पात धरून फिरताहेत, आणि आजोबा वाऱ्याची वाट बघत नुसते बसलेत. वारं सुटेपर्यंत काही करता यायचं नाही. सुटलं की ते उपणायच्या उंच वावडीवर चढायचे आणि पाटीतून धान्य सोडायचे. भूस एकीकडं तरंगत जायचं, दाणे सरळ खाली. मग मापं. "लाभ, दोन, तीन..." रात्री राशीपाशी झोपायला ते मलाही न्यायचे, आणि त्या रात्रीच्या थंडीचा वास मला अजून ओळखता येतो: दव, कडबा आणि घोंगडीतली तंबाखू. हडंब्यापाशी रात्री थंडी तीच असते. वास डिझेलचा.

कोजागरी होऊन आठवडा झाला आणि काम सरलं. २६ ऑक्टोबरला दुपारी निघालो. मामा, मी आणि आमचा एक गडी. मागं ताडपत्रीत गुंडाळलेला हडंबा, त्यावर बांधलेल्या दोन बाजा, स्टोव्ह, उधारीपोटी मिळालेले तीन कट्टे सोयाबीन. मेहुण्याच्या घरून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. जिंतूर तिथून सव्वादोनशे किलोमीटर तरी असेल. मोटारीला पाच तास. हडंबा ओढणाऱ्या ट्रॅक्टरला दोन दिवस आणि एक रात्र, तीही देवानं बेअरिंग नीट ठेवलं तर.

ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून प्रवास केल्याशिवाय मराठवाडा दिसत नाही, असं माझं मत आहे. एसटीतून तो पळतो, मोटारीतून तो काचेपलीकडं असतो. ताशी वीस किलोमीटरला बांधावरच्या म्हातारीचं नाकातलं फूलसुद्धा दिसतं आणि तिला हात केला तर तिचा हात वर येईपर्यंत आपण अजून समोरच असतो. सोयाबीन निघालेली रानं उघडी पडली होती, धसकटांची. मधले तुरीचे पट्टे मात्र भरात, पिवळ्या फुलांचे. कुठं कापूस फुटलेला, कुठं हरभऱ्यासाठी पाळी चाललेली आणि पाळीमागं बगळ्यांची रांग. रस्त्याच्या कडेला तरवड आणि वाळत आलेला टाकळा. धोबी पक्षी नुकते उतरलेले, शेपट्या हलवत रस्त्यावर येऊन पुन्हा बाजूला होणारे. आश्विनातलं ऊन दुपारी अजून चावतं, पण चार वाजले की त्याचा रंग उतरतो आणि अंगावर बोटं फिरवल्यासारखं वाटतं. कर्ज, बुडालेलं सोयाबीन, रखडलेली परीक्षा, सगळं जागच्या जागी होतं. तरी त्या मडगार्डवर मी शीळ घालत होतो. आनंदाचं कारण एकच, घरी चाललो होतो.

आणि समोरून ते येत होते.

पहिल्या गाडीकडं मी नीट बघितलं नाही. दुसरी, तिसरी आली तसं मोजायला लागलो. ट्रकच्या हौद्यात खाली पिठाची पोती, लाकडं, पत्रे, पालथ्या पाटीखाली कोंबड्या. त्यावर गोधड्या, त्यावर माणसं. गोधड्यांच्या मधून पोरांची डोकी. फाळक्याला बांधलेली शेळी. ट्रॅक्टरच्या जोड ट्रॉल्यांत बैलगाड्यांची टायरं आणि बैलही. परळीकडच्या, गंगाखेडकडच्या, धारूर-वडवणीच्या ऊसतोडीच्या टोळ्या. दसरा झाला, कारखान्यांची धुराडी पेटली, उचल घेतलेले कोयते निघाले सांगली-कोल्हापूरला, कर्नाटकात. आम्ही हंगाम संपवून घरी आणि हे घर संपवून हंगामाला, एकाच रस्त्यानं. मामा प्रत्येक ड्रायव्हरला हात करत होते. मी अठरापर्यंत मोजलं आणि अंधार पडला.

कळंब मागं टाकून एका पेट्रोल पंपावर मुक्काम केला. पंपावरच्या माणसानं कोपऱ्यात जागा दिली, नळही दाखवला. बाजा सोडल्या, भाकरी खाल्ली. तेवढ्यात एक ट्रक लंगडत आला आणि थांबला. मागचं चाक बसलेलं. मुकादम शिव्या देत स्टेपनी काढायला लागला. बायका भराभर उतरून नळावर आल्या. चंद्र अजून उगवायचा होता आणि पंपाच्या ट्यूबलाइटभोवती किडे भिरभिरत होते.

एक बाई हंडा भरून जागची हलेना. चाळिशीची असेल. कमरेला किल्ली खोचलेली. "कुठं चाललाव भाऊ?" म्हणाली. जिंतूरला, म्हटलं. "मंजी परळीवरनं, गंगाखेडवरनंच जाणार." हो म्हणालो. मग ती थोडा वेळ काही बोलली नाही. नंतर एकदम सगळं बोलली. पहाटं निघाले, मुकादम हॉर्न वाजवत होता, बारकं पोरगं ओकायला लागलं, सासूची गोळी सापडंना. पुढच्या दाराला कुलूप लावलं, ही बघा किल्ली. मागल्या दाराची कडी लावली का न्हाई तेवढं ध्यानात येईना. "अंबाजोगाईपासून आठवायलेय. लावल्यासारखी वाटती. पर हाताला आठवंना." घरात दोन कट्टे ज्वारी होती आणि शिलाई मिशन. परळी-गंगाखेडच्या मधल्या एका फाट्यावरून आत अर्धा कोस तिचं गाव. वाटेवरच होतं आमच्या.

"गावात कुणाला तरी फोन करा की," मी म्हणालो.

"कुणाला करू? आमची सगळी गल्ली ह्या गाडीत हाय."

ट्रककडं बघितलं. खरंच होतं. गल्ली ट्रकला टेकून तंबाखू मळत होती, गल्ली चाकाला ठोसे मारत होती, गल्लीतली पोरं पंपाच्या हवेच्या नळीशी खेळत होती. "एक म्हातारा ऱ्हायलाय मागं," ती म्हणाली, "पर त्याला ऐकू येत न्हाई. फोन घेऊन काय करंल?" मग खुणा सांगितल्या. शाळेच्या मागं. कडुलिंबापासून मोजायचं. तिसरं का चौथं, ते आता माझ्याकडून गेलं. "नुसतं ढकलून बघा. न्हाई हाललं तर बरंच. हाललं तर हिनं बांधा." आणि तिनं हातभर सुतळी माझ्या हातात ठेवली. पोत्याचं तोंड शिवायची असते तसली. नंबर सांगितला. नाव विचारायच्या आधी मुकादमानं हाळी दिली, म्हणून मी घाईत 'मागचं दार' असं लिहून टाकलं. बाजेवरून मामा म्हणाले, "जाऊ की आक्का, वाटंवरच हाय." ती हंडा उचलून गेली. चढताना तिनं एकदा वळून माझ्या हाताकडं बघितलं, सुतळी अजून आहे ना ते बघावं तसं.

सकाळी केज गेलं. अंबाजोगाईच्या अलीकडं बेअरिंग तापून वास मारायला लागलं आणि दोन तास गॅरेजपुढं बसून काढले. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला बायका सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या. बालाघाटच्या डोंगरातली, रानटी, लहान, पण डोळे उघडलेली. मामांनी एक पाटीच घेतली. हातात फोडायचं, गर तोंडात, बिया रस्त्यावर. साखरेचे खडे जिभेवर येतात तसा तो गर. बोटं चिकट, हनुवटी चिकट. घरी पोचल्यावर कुणाकुणाला किती द्यायची याची वाटणी मी मनात करत होतो आणि वाटणी करता करता खात होतो.

मग परळीकडचा उतार. मागं हडंब्याचं वजन, मामांनी पहिल्या गिअरवर सोडलेला ट्रॅक्टर, इंजिन रडतंय, पुढून उसाच्या टोळ्यांची एक एक गाडी धापा टाकत वर चढतेय. एका वळणावर ताडपत्रीचं टोक सुटलं आणि फडाफडा उडायला लागलं. गड्यानं ओरडून काहीतरी बांधायला मागितलं. मी खिशात हात घातला आणि सुतळी काढून दिली. तेव्हा काही वाटलं नाही. सुतळी ती सुतळी.

परळीला राख. औष्णिक केंद्राची राख वाहणारे टिप्पर पुढं-मागं, कडेच्या बाभळी पांढऱ्या, चाटलं तर ओठ खसखशीत. गंगाखेडचा रस्ता तेव्हा वर्षानुवर्षं खोदून ठेवलेला. तासाभरानं तो फाटा आला. वडाचं झाड, पत्र्याचं बंद हॉटेल, निवडणुकीचा रंग उडालेली भिंत. मामांनी ट्रॅक्टर बाजूला घेतला. आत जाणारा रस्ता चिखलानं मोडलेला, हडंबा वळवायला जागा नाही. "पायी जाऊन ये," मामा म्हणाले. "थांबतो मी. चहा पितो तवर." चहा कुठं मिळणार होता तिथं, हॉटेल तर बंद होतं. थांबायची तयारी दाखवायची त्यांची ती पद्धत.

मी म्हणालो, "जाऊ द्या मामा. कडी लावलीच असंल."

का म्हणालो? पुढं ज्याला ज्याला सांगितलं त्याला मी एक कारण देतो, आणि ते खोटं नाही. कुलपं लागलेली अख्खी गल्ली, भर दुपार, आणि एक अनोळखी पोरगा मागची दारं ढकलत फिरतोय. कुणी बघितलं असतं तर काय समजलं असतं? पण फाट्यावर उभा असताना हे कारण माझ्या डोक्यात आलेलंच नव्हतं, ते मागाहून सुचलं. तेव्हा काखेतलं गळू ठणकत होतं, चपलेचा पट्टा तुटलेला होता, पोट सीताफळांनी भरलेलं होतं आणि मला घरी जायचं होतं. अर्धा कोस म्हणजे जाऊन-येऊन तासभर. मामांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि काही न बोलता क्लच सोडला.

गंगाखेडला गोदावरीपाशी थांबलो. आमच्याकडं तिला गंगाच म्हणतात. पाणी अजून गढूळ, दोन्ही काठांवर पुराचा गाळ आणि झाडांच्या फांद्यांत अडकलेल्या चिंध्या. मामांनी पाय धुतले, नाणं टाकलं, जनाबाईच्या देवळाच्या दिशेनं हात जोडले. तेवढ्यात माझा फोन वाजला. मागचं दार.

"गेलता का भाऊ?"

मी म्हणालो, "हो. कडी लावलेली हाय. ढकलून बघितलं. हालत न्हाई."

पलीकडं इंजिनाचा आवाज होता आणि त्यात तिनं सोडलेला श्वास. "लई बरं झालं बगा. रातभर डोळा न्हाई." फोन ठेवायला हवा होता. पण तिला बोलायचं होतं. "अन रांजणातलं पानी पिलाव का? भरून ठिवलाय, दारापशीच हाय." पिलो, मी म्हणालो. "गार हाय ना?" गार हाय. "अन तुळस? वाळली का?" न्हाई, चांगली हाय. घातलं पानी तिला. "तुमचं भलं होईल," ती म्हणाली. शेजारी कुणाला तरी सांगितलेलंही ऐकू आलं: लावलीय म्हणं कडी, तुळशीला पानी बी घातलं त्यानं. कुणीतरी हसलं, सुटल्यासारखं. तेवढ्या दोन मिनिटांत मी त्या घराला दार लावलं, रांजण भरला, तुळस हिरवी केली. सगळं इतकं सहज जमलं की मलाच ते दिसायला लागलं: सारवलेला ओटा, पाण्यावर झाकलेली लाकडी फळी.

मामा सगळं ऐकत होते. पाय पुसत म्हणाले, "गंगेवर तरी..." आणि पुढचं गिळलं. परभणीपर्यंत आमच्यात बोलणं झालं नाही. कृषी विद्यापीठाची रानं लागली तसा मी उगीच विषय काढला, की पुढच्या वर्षी सोयाबीन ३३५ नको, ७१ पेरू, इथलंच वाण आहे. ते हुं म्हणाले. दुसऱ्या दिवशी घर आलं. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, हडंब्यालाही हळदी-कुंकू लागलं. सीताफळं अर्धी काळी पडली होती. ताडपत्री सोडताना गड्यानं ती सुतळी कात्रीनं कापली.

एप्रिलमध्ये तिच्या नंबरावरून एक मिस्ड कॉल होता. कारखान्यांचा पट्टा पडायचे, हंगाम संपायचे दिवस. घरी पोचली असणार. दार उघडं सापडलं म्हणून केला, बंद सापडलं म्हणून केला, की चुकून लागला? मी उलटा फोन केला नाही. उद्या करू म्हटलं आणि त्या उद्याला आता चार वर्षं होत आली. मधल्या काळात आयोग सुटला, एका पतसंस्थेत चिकटलो, लातूरला खोली झाली, लग्न झालं. लातूरहून जिंतूरला जाताना रस्ता तोच. वर्षातून पाच-सहा वेळा त्या फाट्यावरून जातो. आधी रस्ता खराब होता तेव्हा फाटा यायला वेळ लागायचा. आता सिमेंटचा झाला, डोळा लागला तर कळतही नाही. माझा मात्र त्या दोन किलोमीटरात कधी डोळा लागला नाही.

हे सगळं ऐकून बायको म्हणाली, "मग लाव की फोन." मी लावला. तो क्रमांक आता अस्तित्वात नव्हता.

यंदा भाऊबीज उरकून दोन दिवसांनी लातूरला परतताना फाट्यावर गाडी आत घातली. तिला सांगितलं नव्हतं, तिनंही विचारलं नाही. शाळेच्या मागं गाडी लावली. कडुलिंब एक नव्हता, दोन होते, गल्लीच्या दोन टोकांना. दोन्हीकडून तिसरं आणि चौथं मोजलं तर चार घरं होतात. सगळ्यांना कुलपं. ओट्यांवर पाला, एका दारावर खडूनं कुणाच्या तरी जन्माचा वार आणि वेळ लिहिलेली, पत्र्यावर टाकलेली तुटकी सायकल. माणूस नाही. कोंबडीसुद्धा नाही, कोंबड्याही हंगामाला गेलेल्या. मी मागच्या बाजूला गेलो. मागं सगळ्यांची सारखीच दारं, फळ्यांची, खालून कुजलेली. प्रत्येक दाराशी रांजण आणि प्रत्येक रांजणाशी डब्यात लावलेली तुळस.

पहिलं दार ढकललं. हललं नाही. दुसऱ्याला हात लावणार तोच मागं खाकरल्याचा आवाज आला. धोतर, उघडं अंग, हातात पत्र्याची बादली. मी म्हणालो, "गाव बघायला आलो." "आँ?" त्यानं कानामागं हात धरला. "पाणी मिळंल का?" मी ओरडलो. पाणी शब्द त्याला ओठांवरून कळला असावा. रांजणाकडं बोट करून त्यानं मान हलवली, रिकामा आहे म्हणून, आणि स्वतःच्या घरातून जारचं पाणी आणून दिलं, स्टीलच्या तांब्यात. फिल्टरचं, बेचव आणि गार. बायको आणि मी दोघं प्यालो.

"कुणाचं पाव्हणं?" त्यानं विचारलं.

मी फोन काढला, नाव उघडलं आणि पुन्हा खिशात टाकला. तो उत्तराची वाट बघत थांबला नाही. बादली उचलून पहिल्या घराच्या तुळशीपाशी गेला, ओंजळभर पाणी घातलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. चौथ्या घराशी बादली खाली ठेवून त्यानं दार खांद्यानं दाबून बघितलं आणि पुढं गेला.